बेगोनिया बियांपासून: माळव्याचा उन्हाळा सोसणारी झाडे घरच्या घरी निवडता येतील का?

रामबागेतली_माळीण (इंदूर)

इंदुरात बेगोनिया हौसेने लावणारी मराठी घरे पुष्कळ आहेत. मात्र त्यांतली बहुतेक मंडळी दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेतून फुललेली कुंडी आणतात, रंगपंचमीपर्यंत तिचे कोडकौतुक करतात आणि मे महिन्यात तिची माती निमूटपणे दुसऱ्या झाडाला घालतात. बेगोनिया हे इकडे एका हंगामाचेच झाड आहे, अशी समजूत त्यातून रुजली आहे. ही समजूत बियांच्या वाटेने गेल्यास बरीचशी मोडून काढता येते, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

पानापासून किंवा खोडाच्या तुकड्यापासून केलेले रोप ही मूळ झाडाचीच प्रत असते. मूळ झाड हरितगृहातल्या हवेसाठी निवडलेले असेल, तर त्याची कितीही कलमे केली तरी ४२ अंशांच्या दुपारी ती सगळी एकदमच माना टाकणार. बियांतून आलेल्या भावंडांमध्ये मात्र एकाचे पान जाड निघते, दुसऱ्याची मुळे लवकर पसरतात, तिसरे उन्हाळ्यात फुलणे थांबवून नुसतेच तग धरून बसते. हा फरक पाहून निवड करता येते आणि ती निवड आपल्याच गच्चीवर, आपल्याच हवेत होते.

आता बियांविषयी. बेगोनियाचे बी तळहातावर घेतले तर तपकिरीची चिमूट वाटते. एका ग्रॅममध्ये पन्नास हजारांहून अधिक बिया मावतात. एवढ्याशा बीमध्ये अंकुरासाठी शिदोरी जवळजवळ नसतेच. वालाचा दाणा मातीच्या थराखालून जोर लावून वर येतो, कारण त्याच्या डाळिंब्यांत पुरेसे अन्न साठवलेले असते. बेगोनियाच्या अंकुराला मात्र डोळा उघडताच उजेडात स्वतःचे अन्न स्वतः तयार करावे लागते. पेरणीचे सारे नियम याच एका गोष्टीतून निघतात. बी मातीने झाकायचे नाही, कारण त्याला रुजण्यासाठी उजेड लागतो. वरून पाणी घालायचे नाही, कारण एक थेंबही ते खोल फटीत वाहून नेतो. पृष्ठभाग क्षणभरही सुकू द्यायचा नाही, कारण मूळ केसाहून बारीक असते. आणि सतत ओल म्हटली की बुरशी आलीच, म्हणून माध्यम आधी निर्जंतुक करायचे.

भांडे म्हणून झाकणाचा पारदर्शक डबा उत्तम, आणि नमकीन-मिठाईच्या या शहरात त्याची वानवा कधीच पडत नाही. तळाला तापवलेल्या दाभणाने भोके पाडावीत. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्यावे, म्हणजे त्यातले क्षार निघून जातात. मग ते चाळून दोन भाग आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके खनिज दाणे) एक भाग असे मिश्रण चार-पाच सेंटिमीटर जाडीचे पसरावे, वर चाळलेल्या वर्मिक्युलाइटचा (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाचा) पातळ थर द्यावा आणि उकळते पाणी ओतून झाकण लावून निवू द्यावे. आपली काळी माती येथे अजिबात नको. ती ओली असताना चिकटते आणि सुकताना भेगाळते. या टप्प्यावर गांडूळखतही नको.

बी जाड कागदाच्या घडीत ठेवून, कागद तिरका धरून बोटाने हलक्या टिचक्या मारीत सांडावे. बारीक, धुऊन वाळवलेली वाळू त्यात मिसळली तर बी एका जागी साचत नाही. त्यानंतर डबा पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी आणि थेट ऊन न पडणाऱ्या, पण लख्ख उजेडाच्या खिडकीत ठेवावा. तापमान २१ ते २५ अंशांच्या आसपास राहिले तर दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. इंदुरात गणेश विसर्जनापासून नवरात्रापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्या वेळी हवा उतरणीला लागलेली असते आणि रोपांना मे महिन्यापूर्वी सहा-सात महिने वाढायला मिळतात. वसंतपंचमीनंतरची पेरणीही रुजते. पण ती रोपे कोवळी असतानाच उन्हाळा गाठतो.

छाटकलम (इंदूर)

ताई, लेख उत्तम आहे, परंतु माझी शंका मूळ मुद्द्यावरच आहे. रंगीत, नक्षीदार पानांच्या रेक्स बेगोनियाच्या एका पानाच्या शिरांना छेद देऊन ते ओल्या कोकोपीटवर पसरले, तर काही आठवड्यांत प्रत्येक छेदापाशी नवे रोप उभे राहते, आणि ते हुबेहूब आईसारखे असते. बाजारात मिळणारी बहुतेक झाडे संकरित आहेत. त्यांचे बी पेरले तर संतती कशीही निघणार, त्यातली निम्मी तरी सामान्य हिरव्या पानांची असणार. इतक्या रोपांना जागा कुठे द्यायची? शिवाय काही संकरित झाडे बी धरतच नाहीत. हौशी माणसाने हा उपद्व्याप का करावा, हे अजून मला पटलेले नाही.

रामबागेतली_माळीण (इंदूर)

आपला आक्षेप रास्त आहे. नावाची जात जशीच्या तशी हवी असेल, तर पान किंवा खोड हाच मार्ग आहे. उदाहरणार्थ, छडीसारखी वाढणारी, ठिपक्यांच्या पानांची ‘कोरॅलिना द लुसर्ना’ ही १८९२ सालची जुनी संकरित जात आहे. तिचे बी पेरून लुसर्ना मिळणार नाही. पण मला लुसर्नाच हवी, असा माझा हट्ट नाही. हिरव्या साध्या पानांचे रोप जर जूनच्या पहिल्या पावसापर्यंत टिकून राहिले, तर माझ्या लेखी ते चंदेरी पानांच्या मेलेल्या झाडाहून अधिक मोलाचे आहे. जागेचे म्हणाल, तर निवड पहिल्या महिन्यापासूनच चालू होते आणि रोपे आपोआप कमी होतात. ती सगळी जगवण्याचा मोह आवरला पाहिजे.

संकरापेक्षा मूळ जंगली जातींचे बी मिळाले तर अधिक बरे. बेगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती जगात आहेत. एकाच जातीच्या दोन झाडांत पराग दिला, तर संतती जातीला धरून राहते आणि तरीही त्यांच्यात बारीक फरक असतात.

सूक्ष्मदर्शी (इंदूर)

मी वनस्पतिशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे फुलांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बी घरी धरायचे असेल तर येथेच बहुतेकांचे अडते. बेगोनियाच्या एकाच झाडावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफूल ओळखायला भिंग लागत नाही. फूल उलटे करून पाठीमागे पाहावे. पाकळ्यांच्या खाली तीन पंखांचा हिरवट किंवा गुलाबी अंडाशय दिसला, तर ते मादीफूल. या तीन पंखांपैकी एक अनेकदा इतर दोहोंपेक्षा मोठा असतो. नरफुलाच्या मागे नुसता देठ असतो. नेहमीच्या मेणचट पानांच्या बेगोनियात नरफुलाला सहसा चार पाकळ्या, दोन मोठ्या आणि दोन लहान, तर मादीफुलाला पाच असतात. मात्र पाकळ्या मोजण्यापेक्षा अंडाशय पाहणे अधिक भरवशाचे.

मादीफुलाच्या मध्यभागी पिवळ्या, पिळदार कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोके, असतात. त्या दुरून थेट नरफुलाच्या पुंकेसरांसारख्या दिसतात. मादीफुलात मधमाशीला देण्याजोगे ना पराग ना मध. ती नरफुलाच्या रूपाला भुलून येथे उतरते आणि फसून परत जाते, तेवढ्यात झाडाचे काम होते. आपल्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाशी येईलच असे नाही, म्हणून हे काम आपण करावे. सकाळी दव सुकल्यावर, साधारण दहा-अकराच्या सुमारास, नुकतेच उमललेले नरफूल अंगठ्याच्या नखावर हलकेच आपटावे. नखावर पिवळी भुकटी उतरली तर पराग तयार आहे. मग तेच फूल मादीफुलाच्या तिन्ही कुक्षींवर नीट फिरवावे. पिळाच्या आतल्या बाजूलाही पराग लागला पाहिजे. मी कुंचल्यापेक्षा फूलच वापरतो, कारण कुंचल्याच्या केसांत आधीच्या झाडाचा पराग राहतो आणि मग संततीचा बाप कोण, हा वाद उरतो.

बेगोनियाच्या झुबक्यात बहुधा नरफुले आधी आणि मादीफुले नंतर उमलतात. त्यामुळे एकाच झुबक्यात दोन्ही एका वेळी सहसा सापडत नाहीत, आणि निसर्गाचा उद्देशही तोच आहे. अशा वेळी नरफुले कागदाच्या पुडीत सुकवून, ती पुडी बंद बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवली, तर पराग काही दिवस उपयोगी राहतो. परागीकरण साधले असेल, तर मादीफुलाच्या पाकळ्या गळतात, पण अंडाशय हिरवागार राहून फुगू लागतो. साधले नसेल, तर फूल अंडाशयासकट गळून पडते. बोंड पक्व व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. ते तपकिरी झाले आणि त्याचा देठही सुकला, म्हणजे त्यावर कागदी पाकीट बांधावे. एकदा शिवण उकलली की वाऱ्याच्या एका झुळकीत सारे बी जाते.

दुहेरी पाकळ्यांच्या फुलांविषयी एक सूचना. अशा झाडांत नरफुलातल्या पुंकेसरांचेच पाकळ्यांत रूपांतर झालेले असते, त्यामुळे पराग मिळत नाही. त्यांचा उपयोग माता म्हणूनच करावा.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

इंदूरकरांनी ग्वाल्हेरच्या हवेची कल्पना केली, तर त्यांना आपल्या उन्हाळ्याचे कौतुक वाटू लागेल. तुमच्याकडे दुपार कितीही तापली, तरी माळव्याची रात्र निवते. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, लू रात्रीपर्यंत अंगावर येते, आणि जानेवारीत तोच पारा पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. म्हणून तुमचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. नवरात्रात पेरलेली रोपे डिसेंबरपर्यंत जेमतेम दोन-तीन पानांची होतात आणि मग थंडीने जागच्या जागी थिजतात. मी पेरणी ऑगस्टच्या अखेरीस उरकते आणि डिसेंबर-जानेवारीत डबे घरात, एलईडी ट्यूबलाइटखाली ठेवते. दिवा डब्यापासून वीतभर उंचीवर असावा आणि रोज चौदा तास चालू राहावा. दिव्याखाली वाढलेली रोपे खिडकीतल्या रोपांपेक्षा ठेंगणी आणि मजबूत होतात, हा दुहेरी लाभ.

पाण्याविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. कूपनलिकेचे जड पाणी वापरले की माध्यमावर पांढरट पापुद्रा चढतो आणि अंकुर त्यातच अडकतात. पावसाचे पाणी बाटल्यांत भरून ठेवावे. ते संपल्यावर उकळून गाळलेले पाणी चालते, कारण उकळल्याने जडपणाचा काही भाग तळाशी बसतो.

माझी अडचण वेगळी आहे. डब्यात पहिल्या महिन्यातच हिरवे शेवाळ धरते आणि काळ्या बारीक माश्या फिरू लागतात. त्यावर उपाय काय?

सयाजीबागकर (बडोदे)

ताई, शेवाळ आणि माश्या या दोन्हींचे मूळ एकच आहे. माध्यम गरजेपेक्षा ओले आहे. बडोद्याच्या दमट हवेत हा त्रास आम्हाला तुमच्याहून अधिक होतो, म्हणून या बाबतीत आमचा हात बसलेला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला धुके दिसावे, थेंब ओघळू नयेत, हा मापदंड ठेवावा. थेंब ओघळू लागले, की झाकण तासभर तिरके करावे. माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत, पण ते केवळ उडणाऱ्या माश्या पकडतात. माध्यमातल्या अळ्या कोवळी मुळे खात राहतात. त्यांच्यासाठी बीटीआय हे जिवाणूजन्य औषध पाण्यातून खालूनच द्यावे.

खरा शत्रू रोपमर आहे. संध्याकाळी टवटवीत दिसलेली रोपे सकाळी जमिनीलगत पाणचट होऊन आडवी पडलेली दिसतात, आणि तो डाग एका कोपऱ्यातून गोलाकार पसरत जातो. असा डाग दिसताच तेवढा भाग चमच्याने आजूबाजूच्या माध्यमासकट उचलून फेकून द्यावा. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी. तो पेरणीच्या आधीपासून माध्यमात असेल तर उपयोगी पडतो, रोग पसरल्यावर त्याच्याकडून फारशी अपेक्षा करू नये. दाट पेरणी हे रोपमरीचे सर्वांत मोठे कारण आहे. पाकिटातले सगळे बी एकाच डब्यात ओतण्याची घाई कुणी करू नये.

आणखी एक गोष्ट आमच्या गुजरातेतल्या आणि तुमच्या माळव्यातल्या हौशी मंडळींना सांगितली पाहिजे. बशीएवढ्या फुलांची, कंदाची बेगोनिया पाकिटावर पाहून पुष्कळजण भुलतात. तिच्या संकरांत अँडीज पर्वतातल्या जातींचे रक्त आहे. जॉन सीडन यांनी इंग्लंडमध्ये १८७० मध्ये तिचा पहिला संकर केला. तिला थंड रात्री हव्यात आणि दिवसही मोठा हवा. दिवस बारा तासांहून लहान झाला की ती वाढ थांबवून कंद भरू लागते. ऑक्टोबरात पेरावी तर दिवस लहान, आणि दिवस मोठे होईतो आमच्याकडे ४० अंश. मैदानी प्रदेशात तिच्या नादी लागू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट उदाहरण पाहायचे, तर अरबी समुद्रात, एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटावरचे पाहावे. तिथून आयझॅक बेली बाल्फोर यांनी १८८० मध्ये बेगोनिया सोकोत्राना आणली. ती कोरड्या, तापल्या महिन्यांत पाने टाकून जमिनीखाली झोपते आणि हिवाळ्यात फुलते. फ्रान्समध्ये लेमोईन यांनी १८९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बेगोनिया ड्रेगेईशी तिचा संकर करून ‘ग्लुआर द लोरेन’ ही हिवाळी जात काढली. म्हणजे उन्हाळा सोसण्याचा एक मार्ग उन्हाळ्यात झोपणे हाही आहे. माळीणताईंनी निवड करताना मे महिन्यात पाने टाकणाऱ्या रोपाला मेलेले समजून फेकू नये, आधी कुंडी उकरून पाहावी.

सूक्ष्मदर्शी (इंदूर)

सयाजीबागकरांच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. हीच युक्ती आपल्या सह्याद्रीतली बेगोनिया क्रेनाटाही करते. पावसाळ्यात ओल्या कातळांवर आणि जुन्या भिंतींवर तिची फिकट गुलाबी फुले दिसतात आणि पाऊस सरला की ती कंदाच्या रूपाने दडून बसते. तिचे कंद जंगलातून उपटून आणू नयेत, एवढे मात्र बजावून सांगतो. राखीव जंगलातून बी आणणेही परवानगीशिवाय योग्य नाही.

नवा_भिडू (इंदूर)

धागा वाचून उत्साहाने पाकीट मागवले. पाकिटातले बी बारीक नाही. मोहरीहून लहान, पांढऱ्या गोळ्या आहेत. हे बेगोनियाचेच बी आहे ना? आणि अंकुर आल्यानंतर झाकण कधी काढायचे, रोपे कधी हलवायची, हे कृपया कुणी सांगावे.

रामबागेतली_माळीण (इंदूर)

बेगोनियाचेच आहे. हाताळणे सोपे जावे म्हणून बीवर मातीचा लेप चढवलेला असतो. गोळी माध्यमावर ठेवल्यावर तुषाराने ती विरघळेपर्यंत ओली करावी. अर्धवट भिजून पुन्हा सुकली, तर लेप टणक होतो आणि अंकुर आतच कोंडला जातो. एवढ्यापुरता वरून पाणी न देण्याचा नियम बाजूला ठेवावा.

अंकुर पहिल्यांदा दिसतात ते दोन हिरवे ठिपके म्हणून. भिंगातून पाहिले तर ती दोन गोल दलपत्रे एकमेकांना चिकटून माध्यमावर जवळजवळ टेकलेली असतात आणि त्यांच्यात देठ असा दिसतच नाही. या अवस्थेत रोपे कित्येक आठवडे हललेली वाटत नाहीत आणि नवखी मंडळी येथेच कंटाळून खत घालतात. खत घालू नये. पहिले खरे पान दातेरी कडेचे आणि किंचित लवदार येते. ते आल्यावर १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला पाव ग्रॅम, दर दहा-पंधरा दिवसांनी, खालून द्यावे. दोन-तीन खरी पाने झाली, की ओल्या टूथपिकच्या टोकाने रोप माध्यमासकट उचलावे. चिमटीत धरायचे झाले तर पान धरावे, खोड कधीही धरू नये, कारण पान गेले तर दुसरे येते. एकेकटे हलवण्यापेक्षा तीन-चार रोपांचा पुंजका हलवला तर ती अधिक लवकर सावरतात.

झाकण एका दिवसात काढू नये. आठवडाभर रोज थोडे अधिक तिरके करीत जावे आणि मगच पूर्ण काढावे. घरातली कोरडी हवा या रोपांना अचानक लागली, की पानांच्या कडा जळतात. मेणचट पानांची बेगोनिया पेरणीपासून चार-पाच महिन्यांत फुलते. छडीच्या जातींना जवळजवळ वर्ष लागते.

छाटकलम (इंदूर)

माझा आक्षेप मी निम्मा मागे घेतो. निवडीचा विचार मला आता पटतो, पण ती कशी करायची हे नेमके ठरले पाहिजे, नाहीतर जे रोप सावलीत होते तेच टिकले आणि आपण त्यालाच शूर म्हटले, असे व्हायचे. सगळी भावंडे एकाच आकाराच्या कुंडीत, एकाच मिश्रणात, हिरव्या जाळीखाली एकाच ओळीत ठेवावीत आणि दर आठवड्याला त्यांच्या जागा आपसांत बदलाव्यात. पाणी सगळ्यांना सारखे द्यावे. नोंद दोन वेळा करावी. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण त्या दिवसांत कोरड्या दुपारी आणि गार रात्री यांमुळे पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येते, आणि दुसऱ्यांदा मेच्या अखेरीस. भुरीला बळी पडणारे रोप उन्हाळा सोसणारे असले तरी बाद करावे, असे माझे मत आहे. आणि जे एक-दोन झाड दोन्ही परीक्षांत उतरेल, त्याचे पावसाळा लागताच खोडाचे तुकडे करून वाढवावे. तेथे माझी कला उपयोगी पडेल. रामबागेपर्यंत येऊन कलमे करून देण्याची माझी तयारी आहे.

रामबागेतली_माळीण (इंदूर)

आपण जरूर यावे. जागा बदलण्याची सूचना फार महत्त्वाची आहे, ती मी याच हंगामापासून अमलात आणते.

ज्यांना बियांची देवाणघेवाण करायची आहे त्यांच्यासाठी साठवणीविषयी लिहून ठेवते. बोंड फोडल्यावर बी आणि भुसा एकत्र पडतो. कागद किंचित तिरका धरून हलवला की गोल बी घरंगळत खाली येते आणि चपटा भुसा मागे राहतो. हा भुसा पेरला तर बुरशीला खाद्य मिळते, म्हणून तो काढण्यात कसूर करू नये. बी प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये, कारण ते पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. गुळगुळीत कागदाची पुडी करून, ती सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. टपालाने पाठवताना पुडीच्या चारही कडांना चिकटपट्टी लावावी. कोपऱ्यात सुईएवढी फट राहिली तरी बडोद्याला रिकामे पाकीट पोहोचेल. पुडीवर परागीकरणाचा महिना आणि बोंड काढल्याचा महिना लिहावा, आणि संकर असेल तर मातेचे नाव आधी, गुणाकाराचे चिन्ह आणि मग पित्याचे नाव. पिता ठाऊक नसेल, तर तिथे कोरी जागा न ठेवता ‘मुक्त परागीकरण’ असे स्पष्ट लिहावे.